सावलीतली माणसं : कोकणच्या रस्त्यांवरच्या फोटोंच्या नोंदी

९ नोव्हेंबर, रत्नागिरी

आजपासून काम सुरू. रत्नागिरी, गुहागर, हर्णै आणि मालवण इथल्या आळ्या, पाखाड्या (चिऱ्यांनी बांधलेल्या पायऱ्यांच्या वाटा), बंदरं आणि तिथं पडणारी सावली. पाऊस लागेपर्यंत फोटो काढायचे, मग निवड.

सावलीच का घेतली ते आधी लिहून ठेवतो. रस्त्यावरच्या फोटोग्राफीत सावली वापरायची एक रूढ रीत आहे. उन्हाचा एखादा तुकडा हेरायचा, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, त्या उन्हावर धरायचं, बाकीचं सगळं काळं पडू द्यायचं आणि कुणीतरी त्या तुकड्यात पाऊल टाकेपर्यंत वाट बघायची. हाँगकाँगच्या फान हो (१९३१–२०१६) यांचं काम पाहिलं की या रीतीत किती ताकद आहे ते कळतं. त्यांचा १९५४ सालचा गाजलेला फोटो आहे: उंच पांढरी भिंत, तिच्यावरून तिरकी उतरणारी सावली, तळाशी एकटी उभी मुलगी. ती तिरकी सावली त्यांनी डार्करूममध्ये आणली होती. ती कुठं आणि किती हवी हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं.

मला ही रीत मनापासून आवडते. पण रत्नागिरीच्या राम आळीत दुपारी कुणी उन्हात उभं राहत नाही. ऊन ओलांडायचं असतं. थांबायचं, बोलायचं, तोलायचं, घासाघीस करायची ती सावलीत. उन्हावर एक्स्पोजर धरून सावली काळी केली तर फोटोतून आळीच निघून जाते, उरतो तो घाईने पलीकडे जाणारा एक माणूस. कोकणात सावली ही राहायची जागा आहे. तेव्हा फोटोची रचना तिथून सुरू झाली तर काय दिसतं, हे मला या कामात बघायचं आहे.

११ नोव्हेंबर, रत्नागिरी

आजचा दिवस मोजण्यात घालवला. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, २३ मिमीची एकच लेन्स. एफ/८ ला (लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी बारीक) फोकस सव्वातीन मीटरवर ठेवला की पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. रस्त्यावर फोकस शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून हे कायमचं लावून टाकलं.

कडक उन्हाला जुना नियम आजही लागू पडतो: एफ/१६ ला शटर १ भागिले आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) इतके सेकंद, म्हणजे आयएसओ २०० आणि एफ/८ ला साधारण १/८०० सेकंद. मग टिळक आळीत दर काही पावलांवर स्पॉट मीटरने वाचत गेलो. कौलांच्या वळचणीखालची उघडी सावली उन्हापेक्षा तीन-साडेतीन स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा). पडवीत आतल्या भिंतीशी सहा. सहा स्टॉप म्हणजे प्रकाशात चौसष्टपट फरक. डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण नजर आत वळली की ते लगेच जुळवून घेतात. कॅमेऱ्याला एकाच वेळी दोन्ही बघायचं असतं.

यातून ठरवलं ते असं: रॉ फाइल (सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं), उन्हातलं पांढरं कापड जळणार नाही इतपतच एक्स्पोजर, आणि सावली नंतर उघडायची. आयएसओ १०० ते २०० मध्ये सेन्सर हा फरक पेलतो. ८०० च्या वर गेलं की उघडलेल्या सावलीत दाणे येऊ लागतात. एक खास इथली गोष्ट: चिऱ्याची, म्हणजे तांबड्या जांभा दगडाची भिंत उन्हात असेल तर एकत्रित हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) विसंबून चालत नाही. तो सगळं ठीक दाखवतो आणि लाल चॅनेल तोवर वर टेकलेला असतो. जांभ्याचा पोत तिथं सपाट होतो. म्हणून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघायचे.

१९ नोव्हेंबर, रत्नागिरी

पावसाने धुतलेली हवा अजून टिकून आहे. सकाळी मतलई वारे वाहत असताना सावलीची कड चाकूने कापल्यासारखी असते. दुपारी खारे वारे सुरू झाले की हवेत ओल चढते, आकाशाचा विखुरलेला उजेड वाढतो आणि तीच सावली फिकी होते. आज राम आळीत एकाच दुकानाच्या पायरीवर सकाळी नऊला आणि दुपारी साडेतीनला फोटो घेतला. सूर्याची उंची दोन्ही वेळी जवळपास सारखीच, सावलीचा गडदपणा वेगळा.

घड्याळाबद्दलही एक नोंद. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, रत्नागिरी ७३.३ च्या आसपास. म्हणजे सूर्य डोक्यावर यायला सरासरी ३७ मिनिटं उशीर. त्यातही वर्षभर थोडा फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १२:२० च्या सुमाराला सर्वांत वर असतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५० ला. ‘बाराचं ऊन’ आपण म्हणतो, पण फेब्रुवारीत बारा वाजता सावली अजून पश्चिमेकडे झुकलेली असते आणि काम करता येतं.

३ डिसेंबर, मिरकरवाडा

पहाटेपासून रत्नागिरीच्या या मासळी बंदराच्या जेट्टीवर. मासळी उतरवायची घाई, बर्फाचे चुरे, क्रेट ओढण्याचे आवाज. सूर्य टेकडीच्या मागून वर यायला वेळ लागतो, आणि वर आला की एकदम सगळ्या बाजूंनी सावल्या सुटतात: नांगराचे दोर, मास्ट, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया.

एका मावशींनी आधीच बजावलं, “तोंड नको हां काढूस माझं.” मी विचारलं, सावली काढू का? त्या हसल्या. “सावली काढ की. तिला काय होतंय.” मग मी जमिनीवरची त्यांची सावली घेतली: डोक्यावरची पाटी, कमरेवरचा हात, कासोट्याची ठेवण. स्क्रीनवर दाखवली तर बाजूच्या दोघीतिघींनी नाव न सांगता त्यांना ओळखलं.

हे मला महत्त्वाचं वाटतं. चेहरा नाही म्हणून माणूस अनोळखी होत नाही. चालण्याची ढब, पाटी धरायची पद्धत एवढं सगळं सावलीत उतरतं. म्हणून सावलीचा फोटो असला तरी विचारायचं. लहान मुलं असतील तर घरच्यांना विचारायचं.

सावली ओळखू यायला तिचा आकार सुटा हवा, हेही आज नीट दिसलं. दोन सावल्या एकमेकींत मिसळल्या की डाग होतो. पाटी डोक्यावर असली, हात शरीरापासून थोडा सुटलेला असला, की मधून उजेड दिसतो आणि आकार वाचता येतो. मोकळी जागा डोळ्याला धरून ठेवते. त्यामुळे मी आता माणसाकडे न बघता दोन सावल्यांमधल्या फटीकडे बघून बटण दाबतो.

२१ डिसेंबर, गुहागर

सर्वांत लहान दिवस मुद्दाम गुहागरला घालवला. गाव किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेलं. मधून मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, मागे नारळी-पोफळीची आगरं, आणि पश्चिमेकडे समुद्रावर उतरणाऱ्या पाखाड्या. व्याडेश्वराच्या देवळापासून वरचा पाट आणि खालचा पाट या गावाच्या दोन्ही भागांत चालत गेलो.

सावलीच्या दृष्टीने या गावाची आखणी फार मोलाची आहे. रस्ता दक्षिणोत्तर, संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून. म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या माणसाला ऊन बाजूने लागतं आणि त्याची सावली पूर्वेकडच्या भिंतीवर कडेने पडते: नाक, हनुवटी, पुढे टाकलेला पाय, हातातली पिशवी. सूर्य पाठीमागे असता तर सावली समोर लांब पडली असती आणि तिचा नुसता एक पट्टा झाला असता. चालण्याची दिशा आणि उन्हाची दिशा यांच्यात काटकोन असेल तर सावलीला चेहरा येतो. नकाशा उघडून रस्त्याची दिशा आधी बघावी, मग वेळ ठरवावी, हे यापुढे प्रत्येक गावात करायचं.

भिंती इथं बऱ्याच ठिकाणी कमरेएवढ्या गडग्याच्या, म्हणजे चिरे रचून केलेल्या कुंपणाच्या. सावली रस्त्यावर पडते, गडग्यापाशी दुमडते, कमरेवरचा भाग चिऱ्यांवर उभा राहतो आणि डोकं कधी गडग्यावरून पलीकडे आगरात जातं. सायकलवरून जाणाऱ्या एका पोराची अशी तीन तुकड्यांतली सावली मिळाली. सायकलची चाकं रस्त्यावर लांबोडकी, पोरगा भिंतीवर सरळ. हा फोटो मालिकेत राहील असं आत्ता तरी वाटतं.

दुपारीही आज काम चाललं. या दिवशी भर मध्यान्हीला सूर्य इथं ४९ अंशांवरच असतो, माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडीच आखूड. दुपारी फोटो काढू नयेत हा सल्ला कोकणात हिवाळ्याचे तीन महिने तरी बाजूला ठेवावा.

समुद्राकडच्या पाखाड्या पूर्व-पश्चिम. पण आज सूर्य पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेला मावळतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गडग्याने अख्खी पाखाडी झाकून टाकली. इथं मार्चमध्ये परत यायचं.

१२ जानेवारी, हर्णै

वाळूवरचा लिलाव. होड्या उथळ पाण्यात उभ्या, तिथून किनाऱ्यापर्यंत बैलगाड्या मासळी आणतात, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. गर्दी इतकी की सावल्यांची गिचमिड होते. अर्धा तास काही सापडलं नाही, मग पाण्याच्या रेषेकडे गेलो.

ओल्या वाळूवर सावली जवळपास दिसतच नाही. ओली वाळू आरशाचं काम करते: आकाश परत फेकते, आणि त्या परावर्तनात सावली बुडून जाते. चार पावलं वर, कोरड्या वाळूवर, तोच बैल तीच सावली ठळक टाकतो. या दोहोंची सीमा फोटोत घेतली तर गाडीच्या पुढच्या अर्ध्याला सावली आहे आणि मागच्या अर्ध्याला प्रतिबिंब. लाट येते-जाते तशी ही सीमा सरकते. वाट बघायला लागते, पण वाट बघावी अशी जागा आहे.

पश्चिम किनारा असल्याने संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की सगळं काळ्या आकृत्यांत जातं. हे सोपं आहे आणि इथं येणारा प्रत्येक जण तेच काढतो. मी समुद्राला पाठ केली. तोंडावर ऊन घेतलेली माणसं, त्यांच्या मागे गावाकडे धावणाऱ्या सावल्या. माझी स्वतःची सावली मध्ये येते ती एखाद्या होडीच्या सावलीत उभं राहून लपवायची.

२ फेब्रुवारी, मालवण

बाजारपेठेत दुकानांची छपरं पुढे आलेली, रस्ता अरुंद. ऊन मधोमध एका पट्ट्यात, दोन्ही कडांना सावली, आणि सगळा बाजार त्या दोन कडांत. मी पट्ट्याच्या काठाला उभा होतो. भाजी घेऊन बसलेल्या एका आजींनी हटकलं, “उन्हात कित्या उभो रवलंस? हय सावळेत येवन बस मरे.”

बसलो. आणि तिथून कॅमेरा उचलला तेव्हा फोटो उलटा झाला. आतापर्यंत उजेडातून सावलीकडे बघत होतो. आता सावलीतून उजेडाकडे. पुढे आजींचा हात आणि लाल भाजीच्या जुड्या, मध्ये गिऱ्हाइकाचे वाकलेले खांदे, पलीकडे उन्हाचा पट्टा आणि त्यातून क्षणभर चमकून जाणारा माणूस. एक्स्पोजर आजींच्या हातावर धरलं. पट्टा पांढरा झाला, जवळजवळ कोरा, आणि ते बरोबर दिसतं. सावलीत बसलेल्याला रस्ता असाच दिसतो.

इथून पुढे निम्मं काम तरी बसून करायचं. पडवीची पायरी, दुकानाची फळी, पाराचा कट्टा. उंची कमी झाली की रस्त्यावर पडलेल्या सावल्या चपट्या होतात आणि माणसं मोठी होतात, हा लाभ वेगळाच.

८ फेब्रुवारी, रत्नागिरी

रंग की काळंपांढरं, हा निर्णय लांबवत होतो. आज दोन्ही बाजूंचे प्रिंट शेजारी लावले. फोटोग्राफर रघुबीर सिंग (१९४२–१९९९) रंगीत फिल्मवरच काम करत राहिले आणि भारत रंगातच बघायला हवा असं मांडत राहिले. सावलीच्या कामात हे मला पटायला वेळ लागला, कारण आकार काळ्यापांढऱ्यात अधिक स्वच्छ दिसतो. पण कोकणातली सावली काळी नसतेच. मोकळ्या रस्त्यावरच्या सावलीत वरच्या आकाशाचा निळा असतो. समोर उन्हातली चिऱ्याची भिंत असेल तर तिचा तांबूस उजेड सावलीत बसलेल्याच्या गालावर येतो. आगरात सगळंच हिरवट. या तीन सावल्या काळ्यापांढऱ्यात एकच होतात.

रंगीत ठरलं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ५५०० केल्विनवर, म्हणजे उन्हाच्या रंगावर, पक्का ठेवायचा. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा सावलीतला निळा पुसून टाकतो.

१४ मार्च, रत्नागिरीजवळचं एक गाव

शिमगा. सहाणेवर (गावच्या पालखीच्या चौथऱ्यावर) पालखी, ढोल, गुलाल. दुपारी पालखी नाचवताना जमिनीवर फक्त पायांच्या आणि दांड्यांच्या सावल्या घेतल्या. सूर्य उंच असल्याने त्या आखूड आणि पायाशी चिकटलेल्या. धूळ उडाली की सावली हवेतच दिसते, धुळीत कापलेल्या पट्ट्यांसारखी. फोटो थोडे, पण दोन चांगले. बाकी वेळ कॅमेरा खाली ठेवून पालखीला खांदा दिला.

२० मार्च, गुहागर

विषुवदिन. डिसेंबरमध्ये झाकलेली पाखाडी आज उघडली. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो, आणि शेवटच्या पाऊण तासात तो पूर्व-पश्चिम वाटेच्या रेषेपासून जेमतेम तीन अंश बाजूला असतो. समुद्रावरून परतणाऱ्या माणसांच्या सावल्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून त्यांच्या पुढे चालत वर येत होत्या, प्रत्येक पायरीवर मोडत, परत जुळत.

आज एक गोष्ट मनासारखी समजली, ती नीट लिहितो. सावलीची कड किती स्पष्ट, हे सावली टाकणारी वस्तू आणि सावली झेलणारा पृष्ठभाग यांतल्या अंतरावर असतं. सूर्य हा बिंदू नाही, त्याची तबकडी आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे, म्हणून अंतराच्या साधारण शंभराव्या भागाएवढी कड पुसट होते. भिंतीपासून एक मीटरवरून जाणाऱ्या माणसाची कड एका सेंटिमीटरने पुसट, म्हणजे डोळ्याला टोकदारच. सूर्य दहा अंशांवर असताना जमिनीवर पडलेल्या लांब सावलीचं डोकं खऱ्या डोक्यापासून साडेनऊ मीटर दूर असतं; तिथं कड नऊ सेंटिमीटरने पुसट, आणि जमिनीच्या तिरकेपणामुळे ती आणखी ताणली जाते. म्हणून लांब सावलीचे पाय स्पष्ट आणि डोकं विरघळलेलं.

विजेच्या तारांचंही तेच. सहा-सात मीटरवरची बोटाएवढी तार रस्त्यावर सावलीच टाकत नाही म्हटलं तरी चालेल, आणि तीच तार घराच्या भिंतीजवळून गेली की काळी रेघ ओढते. माडाच्या उंच झावळीची पातं जमिनीवर येईपर्यंत मऊ होतात. पडवीवर बांधलेल्या झापाची (विणलेल्या झावळ्यांच्या आडोशाची) वीण मात्र भिंतीवर धाग्याधाग्याने उतरते. टोकदार आकार हवा असेल तर भिंतीलगत चालणारा माणूस शोधायचा. मऊपणा हवा असेल तर माडाखाली जायचं.

माडाखालचे ते गोल कवडसे सूर्याचीच प्रतिमा असतात: पातींतली प्रत्येक बारीक फट सूर्याचं चित्र जमिनीवर टाकते. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे झाले होते.

१६ एप्रिल, रत्नागिरी

आंब्याचा हंगाम. पेट्या, गवत, टेम्पो. हवेत ओल, आकाश पांढुरकं, सावलीत दम नाही. मध्यान्हीला माणसाची सावली वीतभर. सगळं काम मांडवाखाली चालतं, तेव्हा मीही मांडवात. झापांतून गळणारे कवडसे आंब्यांवर आणि हातांवर इतके विखुरतात की चेहरे वाचता येत नाहीत. ठिपक्यांची सावली रचनेला त्रास देते हे माझं मत इथं आणखी पक्कं झालं. एकसलग सावली मिळाली नाही तर फोटो सोडून द्यावा.

८ मे, रत्नागिरी

मेच्या या आठवड्यात सूर्य रत्नागिरीच्या बरोबर डोक्यावरून जातो. साडेबारानंतर दोन-तीन मिनिटांनी मांडवी बंदराच्या कठड्यावर पाण्याची बाटली उभी केली. सावली तिच्या बुडाखाली शिरली. रस्त्यावर फक्त छत्र्यांच्या सावल्या, प्रत्येकीच्या आत एक माणूस, पुरता झाकलेला. खांबांना सावली नाही, माणसाला आहे, कारण ती त्याने बरोबर आणली आहे. हा फोटो मिळवायला घामाने भिजलो, आणि तो मालिकेच्या मधोमध जाईल.

आजपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावल्या दक्षिणेकडे पडतात. एरवी दुपारी उन्हात असणाऱ्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर या दिवसांत सावली येते. पण पावसाच्या ढगांत ते फारसं दिसणार नाही.

१७ मे, रत्नागिरी

निवड. सगळे छोटे प्रिंट घरातल्या ओटीवर पसरले. सर्वांत देखणा म्हणावा असा एक बाजूला काढला: काळोखी आळी, उन्हाचा तिरका तुकडा, त्यात टोपी घातलेला एकटा माणूस. फोटो चांगला आहे, पण तो कुठल्याही शहरातला असू शकतो. मालवणच्या आजींचा हात, गुहागरचा सायकलवाला पोरगा, मिरकरवाड्याची पाटी, हर्णैची अर्धी सावली-अर्धं प्रतिबिंब, छत्र्या हे राहिले.

प्रिंट मॅट कागदावर करायचे. मॅटवर काळा रंग ग्लॉसीइतका खोल जात नाही, त्यामुळे पडद्यावर जेमतेम दिसणारा सावलीतला तपशील कागदावर बुडतो. चाचणीसाठी आजींच्या फोटोच्या तीन पट्ट्या काढल्या. सावलीचा भाग पाऊण स्टॉप वर उचललेली पट्टी बरोबर वाटते: त्यात भाजीच्या जुडीची दोरी दिसते आणि तरीही ती जागा उन्हापेक्षा गारच वाटते. बाकीच्या फोटोंनाही आधी तेवढंच उचलून बघायचं. गुहागरच्या पाखाडीला बहुधा कमी पुरेल, तिथल्या चिऱ्यात उजेड आधीच खेळतो आहे.